खारावलेली माती आणि पिकाचा दिनक्रम

सूर्य मावळू लागला की चिंचेची पाने मिटतात आणि पहाट होताच उघडतात, ही गोष्ट खेड्यातील लहान मूलही जाणते. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, तर दोडक्याचे फूल दिवस कलल्यावर. कोवळे सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे वळते आणि रात्रीच्या अंधारात, सूर्य दिसत नसतानाही, पुन्हा पूर्वेकडे तोंड करून उभे राहते. वनस्पती एका जागी खिळलेली असली तरी तिचा दिवस ठरलेला असतो. केव्हा पाणी ओढावे, केव्हा पानांची रंध्रे उघडावीत, केव्हा साठवावे आणि केव्हा खर्च करावे, ह्या सर्व कामांच्या वेळा तिच्या अंगी बांधलेल्या असतात.

हा दिनक्रम सुरळीत चालण्यास निरोगी माती लागते. जमीन खारावली म्हणजे पीक केवळ उपाशी किंवा तहानलेले राहते असे नव्हे, तर त्याच्या कामाच्या वेळाही विसकटतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कालव्याखालील भारी काळ्या जमिनींना हा रोग फार वर्षांपासून जडलेला आहे. तो वेळीच कसा ओळखावा आणि त्यावर कोणत्या क्रमाने उपाय करावेत, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पिकाच्या अंगचे घड्याळ

पाने रात्री मिटतात ह्याची नोंद फार जुनी आहे. अलेक्झांडरच्या आरमारातील अँड्रोस्थेनिस नावाच्या अधिकाऱ्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आजच्या बहारीन बेटावरील एका झाडाचे असे वर्णन केले. ते झाड चिंचेचे असावे असे मानतात. पुढे १७२९ साली द मेराँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगात लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवण्यात आले. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत व रात्रीच्या वेळी मिटत राहिली. ह्यावरून दिवसरात्रीचा हिशेब वनस्पतीच्या आतच चालतो, ही कल्पना पुढे आली. आज हे सिद्ध झाले आहे की, वनस्पतीच्या पेशींत काही जनुके एकमेकांना आळीपाळीने चालू व बंद करतात आणि त्यांचे एक आवर्तन सुमारे चोवीस तासांत पुरे होते. रोजचा उजेड व उष्णता ह्या घड्याळाचे काटे जुळवून देतात.

ह्या घड्याळाचा शेतीशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन प्रयोगांत मिळते. २००५ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी दाखविले की, ज्या रोपांचे आतले घड्याळ बाहेरच्या दिवसरात्रीशी जुळलेले असते त्यांच्यात हरितद्रव्य अधिक असते, ती हवेतील कर्ब अधिक ग्रहण करतात आणि लवकर वाढतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनातून असे आढळले की, पाने दिवसा तयार केलेला स्टार्च रात्रभर मोजूनमापून खर्च करतात आणि तो पहाटेच्या सुमारास जवळजवळ संपतो. घरातील जाणती गृहिणी जसे पुढचे पीक हाती येईपर्यंत धान्य पुरवून वापरते, तसाच हा हिशेब आहे. कोठार लवकर रिकामे झाले तर वाढ थांबते आणि शिल्लक राहिले तर तेवढी वाढ बुडते.

पानांच्या रंध्रांचेही तसेच आहे. ऊस, गहू, कांदा इत्यादी पिकांची रंध्रे दिवसा उघडतात व रात्री बहुतांशी मिटतात. उघड्या रंध्रांतून हवेतील कर्ब आत येतो, तर पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी वेळेवर पाणी पुरविले तरच हा व्यवहार पिकाला परवडतो. म्हणून पिकाच्या दिनक्रमाची पहिली किल्ली मातीत आहे.

कालव्याचे पाणी आणि वर चढणारे क्षार

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेचे कालवे, गोदावरीचे कालवे आणि १९७० च्या दशकापासून मुळा धरणाचे कालवे ह्यांमुळे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे ह्या भागांचे रूप पालटले. एरवी अवर्षणाने गांजलेल्या ह्या प्रदेशात उसाचे मळे उभे राहिले आणि प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानाही निघाला. पाण्याने दिलेले हे वैभव खरे आहे. परंतु त्याच पाण्याने काही जमिनींचा घासही घेतला.

ह्याचा इशारा शेजारच्या नीरा खोऱ्याने आधीच दिला होता. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत तेथे खारावलेल्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे ह्यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पत्रिका लिहिली. कारण साधे होते. भारी काळ्या चिकणमातीतून पाणी सावकाश झिरपते. पाणी गरजेपेक्षा अधिक दिले आणि बाहेर जाण्यास वाट ठेवली नाही, तर भूजलाची पातळी वर येते. ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत चढते, उन्हाने उडून जाते आणि त्यातील क्षार मात्र मागे राहतात.

हे क्षार किती साचू शकतात ह्याचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. समजा, विहिरीच्या पाण्यात दर लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत आणि उसाला वर्षभरात एकूण दोन मीटर खोलीचे पाणी दिले. एका हेक्टरात दोन कोटी लिटर पाणी गेले आणि त्याबरोबर दहा टन क्षार शेतात आले. पीक त्यांतील अगदी थोडा भाग उचलते. उरलेले क्षार निचऱ्यावाटे बाहेर न गेल्यास ते जमिनीतच राहतात. मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी प्रक्रिया न करता व प्रमाण न पाहता शेतात सोडल्यास हा भार आणखी वाढतो.

क्षारांनी दिनक्रम कसा विसकटतो

क्षार वाढले की पहिला आघात पाण्यावर होतो. माती ओली असूनही तिच्यातील खारे पाणी मुळांना सहजासहजी ओढता येत नाही. दुपारी पानांतून वाफ जाण्याचा वेग वाढतो, पण खालून पुरवठा होत नाही. मग पीक रंध्रे लवकर मिटून घेते. बाहेर लख्ख ऊन असूनही पानांची चूल विझते. दिवसाची कमाई कमी झाल्याने रात्रीची शिदोरी अपुरी पडते आणि वाढ खुंटते. जमीन पाणथळही असेल तर मुळांना प्राणवायू मिळत नाही व त्यांची पाणी ओढण्याची शक्ती आणखी घटते.

दुसरा आघात सोडियमचा. हे द्रव्य पेशींत साचले म्हणजे विषासारखे काम करते, म्हणून ते बाहेर लोटण्याची यंत्रणा वनस्पतीत असते. ह्या यंत्रणेचा घड्याळाशी असलेला थेट संबंध दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह २०१३ साली उजेडात आणला. वनस्पतीच्या घड्याळात जायगँटिया नावाचे एक प्रथिन आहे. फुलोरा योग्य वेळी यावा हे त्याचे एक काम. चांगल्या मातीत ते सोडियम बाहेर लोटणाऱ्या यंत्रणेला आवरून धरते, कारण तेव्हा तिची गरज नसते. क्षार वाढताच हे प्रथिन नष्ट होऊ लागते, यंत्रणा मोकळी होते आणि सोडियम बाहेर जाऊ लागते. पण प्रथिन घटल्याने फुलोरा लांबतो. घरास आग लागली असता वेळ पाहणारा माणूसच पाण्याची बादली घेऊन धावावा आणि घरातील बाकीची कामे खोळंबावीत, तसा हा प्रकार आहे.

तिसरा आघात लोहाचा. ह्या जिल्ह्यातील अनेक काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आहेत. सामू वाढला म्हणजे जमिनीत लोह असूनही ते पिकास मिळत नाही. उसाची कोवळी पाने पिवळी, पुढे पांढरट पडतात. ह्यालाच शेतकरी केवडा म्हणतात. लोह कमी पडले म्हणजे वनस्पतीच्या घड्याळाचे आवर्तन लांबते, म्हणजेच घड्याळ मागे पडू लागते, असे २०१३ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांत आढळून आले. केवडा हा केवळ रंगाचा दोष नाही, हे ह्यावरून ध्यानात येईल.

घड्याळाविषयीचे हे प्रयोग मुख्यतः मोहरीच्या कुळातील अरॅबिडोप्सिस नावाच्या लहानशा रोपावर झालेले आहेत. त्यांतील आकडे उसाला किंवा कांद्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि पाणी, सोडियम व लोह ह्यांमुळे पिकाची रोजची कामे बिघडतात, हे तत्त्व शेतातही डोळ्यांनी पाहता येते.

तीन वेळची पाहणी

जमिनीवर पांढरे क्षार फुलून येण्याची वाट पाहणे म्हणजे रोग बळावण्याची वाट पाहणे होय. त्याआधी पीक आपल्या वागण्यातून सूचना देते. त्यासाठी पाणी दिल्यानंतर तीनचार दिवसांनी, माती ओलसर असताना, एकाच शेतातील चांगला भाग व संशयित भाग दिवसातून तीन वेळा शेजारी शेजारी पाहावा.

पहाटे : सूर्य उगवण्यापूर्वी पाने ताठ आहेत काय ते पाहावे. उसाच्या किंवा गव्हाच्या निरोगी पानाच्या टोकाशी व कडेला पाण्याचे थेंब लोंबताना दिसतात. रात्री मुळांनी लोटलेले हे पाणी होय. दव मात्र सबंध पानावर पसरलेले असते, म्हणून दोहोंत गल्लत करू नये. खारावलेल्या भागात मुळांचा दाब घटल्याने टोकाचे थेंब विरळ होतात. पहाटेही पाने मलूल असतील तर स्थिती गंभीर समजावी.

दुपारी : चांगल्या भागातील पाने ताठ असताना, ओल्या मातीतच दुसऱ्या भागातील पाने माना टाकत असतील किंवा उसाची पाने सुरळीसारखी गुंडाळत असतील, तर ती खाऱ्या पाण्याची खूण असू शकते. अशा वेळी तहान समजून आणखी पाणी देण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. निचरा नसलेल्या जमिनीत त्यामुळे रोग वाढतो.

सायंकाळी : ऊन उतरल्यावर पाने किती वेळात सावरतात ते पाहावे. चांगल्या भागातील पीक लवकर ताजे होते, तर खारावलेल्या भागातील पिकाला रात्र उलटावी लागते.

पीक माना टाकण्यास दुसरी कारणेही असतात. ह्या जिल्ह्यात हुमणीचा उपद्रव पुष्कळ आहे. हुमणीने मुळे खाल्लेले उसाचे बेट ओढताच उपटून येते व खाली पांढऱ्या अळ्या सापडतात. मर रोगाचाही विचार करावा. म्हणून मुळे उकरून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. त्याच वेळी दीड मीटरपर्यंत खड्डा किंवा गिरमिटाने छिद्र घेऊन भूजल किती खोलीवर लागते तेही नोंदवून ठेवावे.

मातीचा दाखला

पाहणीने संशय येतो, खात्री मात्र माती परीक्षणानेच होते. १९ फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू व विद्युत वाहकता हे दोन्ही आकडे असतात. चांगल्या व वाईट भागातील नमुने एकत्र मिसळू नयेत. ते वेगवेगळे घ्यावेत, नाही तर सरासरीत रोग लपून जातो.

मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजतात. सामू ८.५ हून अधिक आणि मातीकणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक असल्यास जमीन चोपण समजतात. पत्रिकेसाठी मात्र बहुधा एक भाग माती व अडीच भाग पाणी घेऊन वाहकता मोजतात. पाणी जास्त असल्याने तो आकडा लहान येतो. म्हणून ४ चा निकष त्यास थेट लावू नये. प्रयोगशाळेकडून अर्थ समजावून घ्यावा.

सर्व पिके क्षार सारखे सोसत नाहीत. संपृक्त अर्काची वाहकता किती झाली म्हणजे उत्पन्न घटू लागते, ह्याचे सर्वमान्य आकडे असे आहेत : घेवडा १.०, कांदा १.२, ऊस १.७, गहू ६.०, ज्वारी ६.८, कापूस ७.७ आणि बार्ली ८.०. ह्या जिल्ह्याची दोन आवडती नगदी पिके, ऊस व कांदा, ही दोन्ही नाजूक गटात मोडतात, ही गोष्ट विसरता कामा नये. जमीन सुधारेपर्यंत सोसणारी पिके घेण्यातच शहाणपण आहे.

उपायांचा क्रम

पहिला उपाय निचऱ्याचा. पाण्याला बाहेर जाण्यास वाट नसेल तर जिप्सम, खत व मेहनत ही तिन्ही वाया जातात. शेताच्या उतारास धरून उघडे चर काढावेत व ते नाल्यास जोडावेत. भारी जमिनीत छिद्रे असलेल्या नळ्या गाळणीसह जमिनीखाली घालून भूमिगत निचरा करता येतो. कृष्णाकाठच्या सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी ही पद्धत अवलंबिलेली आहे.

दुसरा उपाय पाण्याच्या मापाचा. पाट भरून पाणी सोडण्याची सवय टाकावी. ठिबक सिंचनाने पाणी वाचते. तथापि ओलाव्याच्या कडेला क्षार साचतात, हे ध्यानात ठेवून पावसाळ्यात ते धुऊन जातील अशी बांधबंदिस्ती ठेवावी. सरी-वरंब्यावर लागण करताना रोप वरंब्याच्या माथ्यावर न लावता बगलेत लावावे, कारण क्षार माथ्यावर गोळा होतात.

तिसरा उपाय सुधारक द्रव्यांचा. केवळ क्षारयुक्त जमिनीस निचरा व चांगल्या पाण्याने धुणे पुरते. चोपण जमिनीस मात्र जिप्सम लागते. जिप्सममधील कॅल्शियम मातीकणांवरील सोडियमची जागा घेते व सुटलेले सोडियम पाण्याबरोबर निघून जाते. चुनखडीयुक्त चोपण जमिनीत गंधकही उपयोगी पडते. जिवाणूंमुळे त्याचे आम्ल बनते आणि ते चुनखडीतील कॅल्शियम मोकळे करते. मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. धैंचा फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडावा आणि शेणखत, कंपोस्ट भरपूर द्यावे. केवडा दिसल्यास हिराकस शेणखतात मुरवून द्यावे.

ह्या बाबतीत राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ, बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा ह्यांचा सल्ला शेतकऱ्यांनी अवश्य घ्यावा.

बांधापलीकडचे काम

खारावलेल्या जमिनीचा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. वरच्या शेतात दिलेले जादा पाणी खालच्या शेतात पाझरते. जो पाणी जपून वापरतो त्याचेच शेत कधी कधी आधी पांढरे पडते. त्याने चर काढावयाचा म्हटले तर तो शेजाऱ्याच्या रानातून नाल्यापर्यंत न्यावा लागतो आणि तेथे बांधाचा वाद उभा राहतो. वाद मिटेपर्यंत दोन हंगाम जातात. तोवर रोग शेजाऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचलेला असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे कार्य येथे आहे. त्याने एका उताराच्या सर्व खातेदारांना एकत्र बसवावे. गावाच्या नकाशावर भूजलाची खोली व खारावलेले पट्टे दाखवावेत. मुख्य चराची जागा, खर्चाची वाटणी व दरवर्षी चर साफ करण्याची पाळी लेखी ठरवून घ्यावी. शक्य तर खातेदारांना पहाटे एकदा व भर दुपारी एकदा त्या शेतात न्यावे. ओल्या मातीत उभे राहून तहानेने माना टाकणारे पीक डोळ्यांनी पाहिले म्हणजे निचऱ्याचे महत्त्व निराळ्या व्याख्यानाने पटवावे लागत नाही.

ज्या शेतात पहाटे पाने ताठ असतात, दुपारचे ऊन पिकाला सोसते आणि सायंकाळी ते लवकर सावरते, त्या शेतातील मुळांना पाणी व हवा दोन्ही मिळत आहेत असे समजावे. तो दिनक्रम ढळू लागला की त्याच आठवड्यात मातीचा नमुना घ्यावा व निचऱ्याची वाट तपासावी. पांढरा थर दिसल्यावर सुरू केलेल्या कामास अनेक वर्षे लागतात. पहिली सूचना ओळखून सुरू केलेले काम मात्र थोड्या खर्चात पार पडते आणि जमीन पुढील पिढीच्या हाती सुस्थितीत सोपविता येते.